प्रकाश वाढला म्हणजे डोपामिन वाढलं का?

प्रश्न असा आला आहे: डोपामिन या मेंदूतल्या रासायनिक निरोप्यावर काम सुरू करायचं आहे. उंदराच्या मेंदूत डीलाइट किंवा ग्रॅब-डीए हे चमकणारे सेन्सर घालून जिवंत प्राण्यात डोपामिन थेट मोजता येतं असं वाचलं. हे खरंच मोजमाप आहे का? दोघांपैकी कोणता घ्यावा? आणि हे माणसात कधी करता येईल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात लहान आहे, ते आधी उरकतो. हे सेन्सर म्हणजे जनुकं. ती विषाणूच्या पाठीवर बसवून मेंदूच्या पेशींत पोचवावी लागतात, आणि मग प्रकाश आत-बाहेर नेण्यासाठी ऑप्टिकल फायबर मेंदूत उतरवावा लागतो. नुसत्या कुतूहलापोटी हे कुणी निरोगी माणसावर करणार नाही. माणसासाठी आपल्या हाती मुख्यतः दोनच गोष्टी आहेत. एक पीईटी स्कॅन: त्यात किरणोत्सारी केलेलं रॅक्लोप्राइड हे औषध आणि डोपामिन हे दोघं रिसेप्टरवरच्या, म्हणजे डोपामिन ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनावरच्या, त्याच जागेसाठी भांडतात आणि त्यावरून अंदाज बांधला जातो, तोही कित्येक मिनिटांची सरासरी काढून. दुसरी म्हणजे मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया चालू असताना, रुग्णाच्या संमतीनं घेतलेली थोड्या वेळाची विद्युत-रासायनिक नोंद. तेव्हा मोबाइलवर बोट फिरवताना ‘डोपामिनचा फवारा उडतो’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर तो फवारा कुणाच्या मेंदूत आणि कशानं पाहिला एवढं जरूर विचारा.

आता मुद्द्याचं. पडद्यावर जी वर-खाली होणारी रेघ दिसते ती डोपामिनची नसते. एका प्रथिनाचा आकार किती बदलला याची ती रेघ असते. मध्ये प्रथिन आहे, रक्त आहे, फायबर आहे, हलणारा प्राणी आहे आणि शेवटी तुमचा संगणकातला हिशोब आहे. या प्रत्येकाला ती रेघ वाकवता येते. हे डोक्यात पक्कं असेल तर हे सेन्सर म्हणजे आमच्या क्षेत्राला मिळालेलं वरदान आहे. नसेल तर वर्ष-दोन वर्षं वाया जातात.

वरदान का, ते कळायला आधीचे दिवस आठवावे लागतील. मायक्रोडायलिसिसमध्ये पडदा असलेली बारीक नळी मेंदूत ठेवून द्रव गोळा करायचा आणि त्याचं रासायनिक विश्लेषण करायचं. रेणू कोणता याबद्दल शंका नाही, पण एकेक नमुना गोळा व्हायला कित्येक मिनिटं जातात. घंटा वाजली आणि अर्ध्या सेकंदात काय झालं, हे त्यात कधीच कळत नाही. दुसरी पद्धत व्होल्टॅमेट्री. सुमारे ७ मायक्रोमीटर जाडीचा कार्बनचा तंतू, त्यावर सेकंदाला १० वेळा उणे ०.४ व्होल्टपासून १.३ व्होल्टपर्यंत आणि परत, ४०० व्होल्ट प्रति सेकंद या वेगानं विद्युतदाब फिरवायचा. वाटेत डोपामिनचं ऑक्सिडीकरण होतं आणि तो इवलासा प्रवाह आपण टिपायचा. वेग उत्तम. पण तंतूचा स्वतःचा पार्श्वप्रवाह इतका मोठा असतो की तो वजा करावाच लागतो, आणि तो हळूहळू सरकत असल्यानं एखाद-दीड मिनिटापलीकडचे संथ बदल त्या वजाबाकीत वाहून जातात. शिवाय नॉरएपिनेफ्रिन हा मेंदूतला दुसरा निरोप्या रचनेनं डोपामिनचा सख्खा भाऊ. दोघांची सही या पद्धतीत जवळजवळ सारखीच दिसते.

२०१८ साली दोन प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी वेगळी वाट काढली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत लिन तियान यांच्या गटानं डीलाइट१ केला, पेकिंग विद्यापीठात यूलोंग ली यांच्या गटानं ग्रॅब-डीए. कल्पना एकच: डोपामिन ओळखणारं यंत्र निसर्गानं आधीच बनवलेलं आहे, ते म्हणजे डोपामिनचा रिसेप्टर. आपण फक्त त्यावर दिवा बसवायचा.

तो दिवा कसा बसतो हा भाग मला आजही सुंदर वाटतो. रिसेप्टर पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर विणलेला असतो. बाहेरून डोपामिन येऊन बसलं की आतल्या बाजूला सहावा वेढा बाहेरच्या दिशेनं सरकतो. पाचव्या आणि सहाव्या वेढ्यांना जोडणारा एक फासा पेशीच्या आत लोंबत असतो. तो कापून त्याच्या जागी जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन बसवतात, पण जसंच्या तसं नाही. ते प्रथिन पिंपासारखं असतं आणि चमकणारा भाग पिंपाच्या मधोमध सुरक्षित असतो. इथे त्याची मूळ टोकं एकमेकांना जोडून टाकतात आणि पिंपाच्या कडेला, चमकणाऱ्या भागाजवळ, नवीन टोकं काढतात. म्हणजे पिंपाला मुद्दाम एक फट ठेवायची. वेढा सरकला की फटीची ठेवण बदलते, चमकणाऱ्या भागाभोवतीचं रासायनिक वातावरण बदलतं आणि प्रकाश वाढतो. कॅल्शियम मोजणाऱ्या जीकॅम्पमध्ये हीच युक्ती २००१ पासून वापरात आहे.

डीलाइट१ च्या नेहमीच्या आवृत्त्या मानवी डी१ रिसेप्टरवर बेतलेल्या आहेत, ग्रॅब-डीए डी२ वर (डी१, डी२ हे डोपामिन रिसेप्टरचे प्रकार). ही ओळ लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर माझी फजिती आहे. ज्या जागी दिवा बसवला तिथेच एरवी रिसेप्टरचा पुढचा निरोप्या, जी-प्रोटीन, येऊन चिकटतो. त्यामुळे सेन्सर डोपामिन ओळखतो पण पेशीला पुढे फारसा निरोप देत नाही. मोजायला गेलो आणि मोजण्यानंच मेंदूचं काम बदललं, ही भीती त्यामुळे बरीच कमी होते.

‘दोन्हींत चांगला कोणता’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘माझ्या जागेला आणि माझ्या प्रश्नाला कोणता’ याला आहे, आणि ते आकडेमोडीतून मिळतं. प्रत्येक सेन्सरची एक आसक्ती असते: डोपामिन किती असताना निम्मे सेन्सर भरलेले असतील तो आकडा. डीलाइट१.२ साठी तो सुमारे ७७० नॅनोमोलर (द्रवात रेणू किती दाट आहेत ते सांगणारं एकक), डीलाइट१.१ साठी सुमारे ३३०. ग्रॅबच्या पहिल्या पिढीत मध्यम आवृत्तीसाठी सुमारे १३० आणि उच्च आवृत्तीसाठी सुमारे १०. आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट.

समजा, मेंदूच्या एखाद्या विरळ, म्हणजे डोपामिनचे तंतू कमी असलेल्या भागात डोपामिन शून्यावरून ५ नॅनोमोलरवर गेलं. डीलाइट१.२ चे किती सेन्सर भरतील? ५ भागिले ७७५, म्हणजे एक टक्काही नाही. या सेन्सरचा प्रकाश पूर्ण भरल्यावर ३४० टक्क्यांनी वाढतो, म्हणून इथे तो दोनेक टक्के वाढेल. प्राण्यानं मान हलवली तरी एवढा फरक पडतो. तेच ग्रॅबच्या उच्च आवृत्तीत ५ भागिले १५, म्हणजे ३३ टक्के सेन्सर भरले. तिचा पूर्ण आवाका ९० टक्क्यांच्या आसपासचा, तरी ३० टक्के वाढ पदरात पडते. म्हणजे पत्रकावर ‘३४० टक्के’ असं ठळक छापलेलं पाहून सेन्सर निवडणारा इथे हरतो.

आता उलट बाजू. स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागात डोपामिनचे ॲक्सॉन, म्हणजे न्यूरॉनचे लांब तंतू, इतके दाट असतात की क्षणभर पातळी शेकडो नॅनोमोलरच्या घरात जाऊ शकते. १० ची आसक्ती असलेला सेन्सर १०० नॅनोमोलरलाच ९१ टक्के भरतो. त्यापुढे १००० झालं तरी ९९. बक्षीस लहान असो की मोठं, रेघेची उंची तीच राहणार, आणि तुम्ही लिहिणार की ‘बक्षिसाच्या आकाराचा डोपामिनवर परिणाम नाही’. परिणाम असतो; सेन्सरला तो दिसत नाही.

यातलं सगळ्यात अवघड दुखणं म्हणजे खड्डे. अपेक्षित बक्षीस मिळालं नाही की डोपामिन न्यूरॉन क्षणभर गप्प होतात, हे वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या नोंदींतून सर्वांना ठाऊक आहे. १९९७ साली त्यांनी डायन आणि माँटेग्यू यांच्यासोबत त्याची ‘अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत’ अशी मांडणी केली. हा खड्डा सेन्सरमध्ये दिसायचा तर आधी सेन्सरवर काही डोपामिन बसलेलं हवं. मूळ पातळी समजा २० नॅनोमोलर असेल, तर डीलाइट१.२ चे अडीच टक्केच सेन्सर भरलेले असतील. ते सगळे रिकामे झाले तरी खड्डा उथळच. घट्ट पकडीच्या सेन्सरमध्ये ६७ टक्के भरलेले असतात, खड्ड्याला भरपूर वाव आहे. पण घट्ट पकड म्हणजे सुटायलाही वेळ. डीलाइट१ सुमारे १०० मिलिसेकंदांत डोपामिन सोडतो, ग्रॅबची पहिली उच्च आवृत्ती अडीच सेकंदांच्या आसपास घेते. अर्ध्या सेकंदाचा खड्डा तिच्या हाती नीट लागतच नाही, तो पुसट होऊन पसरतो. म्हणून ‘शिखरं दिसतात पण खड्डे दिसत नाहीत, तेव्हा मेंदूत खड्डे नसतातच’ असं कुणी म्हणालं की मी आधी सेन्सरचं नाव विचारतो.

यावर मार्ग काय? स्ट्रायटमसाठी आणि जलद घटनांसाठी सैल, चपळ सेन्सर. कॉर्टेक्स, अमिग्डाला अशा विरळ जागांसाठी घट्ट पकडीचा. ग्रॅबच्या २०२० च्या दुसऱ्या पिढीत आवाका बराच वाढला आहे, मध्यम आवृत्तीचा ३४० टक्क्यांपर्यंत. त्यामुळे जुनी तडजोड थोडी सुसह्य झाली, पण संपलेली नाही. हे रसायनशास्त्र आहे, आवृत्ती बदलून ते बदलत नाही.

आता ती फजिती. आमच्या गटात ग्रॅब-डीए वापरून चाललेल्या एका कामात आम्ही प्राण्याला हॅलोपेरिडॉल दिलं आणि रेघ सपाट झाली. ‘औषधानं डोपामिनचं स्रवणच थांबलं’ म्हणून आम्ही दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी एका ज्युनिअर विद्यार्थ्यानं हळूच विचारलं, “सर, हॅलोपेरिडॉल डी२ वर बसतं ना? मग ते सेन्सरवर पण बसेल.” खोलीत शांतता. सेन्सर डी२ चाच बनलेला, औषध डी२ अडवणारं. आम्ही डोपामिन नव्हे, स्वतःचं मोजयंत्रच बंद केलं होतं. वर कडी म्हणजे डी२ अडवलं की डोपामिन ॲक्सॉनवरचा लगाम सुटतो आणि स्रवण सहसा वाढतं. म्हणजे आमचा निष्कर्ष वास्तवाच्या नेमका उलटा होता. तेव्हापासून नियम: डी२ वरचं औषध अभ्यासायचं असेल तर डी१ वर बेतलेला डीलाइट, आणि डी१ वरचं असेल तर ग्रॅब-डीए. पण ही अडचण उलटी फिरवली की उत्तम चाचणी होते. प्रयोगाच्या शेवटी ग्रॅबच्या प्राण्याला डी२ अडवणारं औषध द्या. जो चढ-उतार तरीही उरला तो डोपामिनचा नव्हता.

आणि असा चढ-उतार उरतो, हेच तर दुखणं आहे. फायबर फोटोमेट्रीत, म्हणजे फायबरमधून प्रकाश मोजण्याच्या या पद्धतीत, आपण ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश आत सोडतो आणि हिरवा परत घेतो. मधल्या वाटेवर रक्तवाहिन्या आहेत, आणि हिमोग्लोबिन हे दोन्ही रंग शोषून घेतं. मेंदूचा तो भाग कामाला लागला की तिथे रक्त वाढतं, जास्त प्रकाश शोषला जातो, रेघ खाली येते. त्यात डोपामिनचा काहीही संबंध नसतो. प्राणी हलला, वायर ताणली गेली, फायबर किंचित वाकला, तरी रेघ हलते. प्रखर प्रकाशानं सेन्सर हळूहळू विझत जातो, मग तासाभरात रेघ उतरते आणि नवशिक्याला वाटतं डोपामिनची पातळी घसरली.

यावरचा रूढ उपाय म्हणजे ४०५ नॅनोमीटरचा दुसरा प्रकाश. समजूत अशी की या रंगात सेन्सर डोपामिनला दाद देत नाही, तेव्हा त्या वाटेवर जे हलेल ते सगळं खोटं. ते वजा करा. पण ४०५ ही सवय जीकॅम्पकडून उसनी आलेली आहे. डोपामिनच्या सेन्सरांचा समतोल बिंदू, म्हणजे ज्या रंगात डोपामिननं प्रकाश बदलत नाही तो, नेमका तिथेच असतो असं नाही. अनेकदा ४०५ वरची रेघही डोपामिनबरोबर थोडी हलते, बहुधा उलट दिशेनं. अशा वेळी वजाबाकी केली की खरं शिखर फुगतं. शिवाय हिमोग्लोबिन ४०५ आणि ४७० ला सारख्या प्रमाणात शोषत नाही, म्हणून रक्ताचा परिणामही पुरता निघत नाही. मी ही वजाबाकी करतो, पण दोन्ही मूळ रेघा शेजारी-शेजारी पाहिल्याशिवाय कधीच नाही. दोन्ही एकाच दिशेला, एकाच क्षणी उडी मारत असतील तर ती उडी प्राण्याची, डोपामिनची नव्हे.

त्याहून भरवशाचा साक्षीदार म्हणजे मुका सेन्सर. डोपामिन बसण्याच्या जागेत एक-दोन अमिनो आम्लं बदलली की सेन्सर चमकतो पण डोपामिन ओळखत नाही. दोन्ही घराण्यांत असे उत्परिवर्तित सेन्सर उपलब्ध आहेत. चार-पाच प्राण्यांत तो घाला आणि अगदी तोच प्रयोग करा. आमच्या एका प्रयोगात प्राणी पाण्याची नळी चाटायला लागला की छोटी घसरण दिसायची. तिच्यावर अर्धा परिच्छेद लिहूनही झाला होता. मुक्या सेन्सरच्या प्राण्यांतही तीच घसरण आली. परिच्छेद गेला.

नॉरएपिनेफ्रिनचं काय? डीलाइट१.१ आणि १.२ साठी डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन यांच्या पकडीत कित्येक दहापटींचा फरक आहे, ग्रॅबच्या पहिल्या पिढीत साधारण दहापटीचा. स्ट्रायटममध्ये नॉरएपिनेफ्रिन नगण्य, त्यामुळे तिथे झोप उडवून घ्यायचं कारण नाही. कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पसमध्ये मात्र चित्र वेगळं. तिथे नॉरएपिनेफ्रिनचे तंतू भरपूर, डोपामिनचे कमी, आणि नेमकं तिथेच आपण घट्ट पकडीचा सेन्सर वापरायला जातो. वड्याचं तेल वांग्यावर निघायला इतकी सोयीची जागा दुसरी नसेल. अशा ठिकाणी नॉरएपिनेफ्रिनचा स्वतंत्र सेन्सर वापरून समांतर नोंद घ्यावी, किंवा डोपामिनचे न्यूरॉन ऑप्टोजेनेटिक्सनं (प्रकाशानं न्यूरॉन चालू-बंद करण्याची पद्धत) बंद करून सिग्नल जातो का ते पाहावं.

लाल सेन्सरही आता आहेत, आरडीलाइट१ आणि ग्रॅबची लाल आवृत्ती, दोन्ही २०२० च्या. हिरवा कॅल्शियम सेन्सर आणि लाल डोपामिन सेन्सर एकाच वेळी पाहण्याचा मोह होतो, आणि तो योग्यही आहे. फक्त हे लाल सेन्सर ज्या लाल प्रथिनावर बेतले आहेत त्यावर निळा प्रकाश पडला की ते स्वतःहून उजळण्याची खोड दाखवतात. निळ्या प्रकाशानं न्यूरॉन चेतवायचे आणि लाल सेन्सरनं डोपामिन पाहायचं, असा बेत असेल तर आधी न्यूरॉन चेतवणारं प्रथिन नसलेल्या प्राण्यात निळा प्रकाश टाकून बघा.

आकड्यांबद्दल थोडं. आपण ‘डेल्टा एफ बाय एफ’ देतो, म्हणजे मूळ प्रकाशाच्या मानानं वाढ किती. पण त्या मूळ प्रकाशात मेंदूचा आणि फायबरचा स्वतःचा मंद प्रकाशही मिसळलेला असतो. एका प्राण्यात सेन्सर कमी बसला आणि निम्मा प्रकाश फुकटचा असेल, तर तेवढ्याच डोपामिनला त्याची वाढ निम्मी दिसेल. म्हणून ‘अमुक गटात डोपामिन कमी’ हे दोन वेगवेगळ्या प्राण्यांच्या उंचीवरून सांगू नये. त्याच प्राण्यात आधी आणि नंतर, किंवा एका बैठकीत दोन प्रकारच्या फेऱ्या, ही तुलना चालते. झेड-स्कोअर केल्यानं (म्हणजे प्रत्येक रेघ तिच्याच चढ-उतारांच्या मापानं भागल्यानं) हे दुखणं बरं होत नाही, झाकलं जातं. गोंगाट जास्त असलेला प्राणी त्यात आपोआप ‘कमी डोपामिनवाला’ ठरतो. आणि संथ मूळ पातळी, जिला टॉनिक म्हणतात, ती साध्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून नॅनोमोलरमध्ये सांगता येत नाही. सांगणाऱ्याकडे कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात पातळ्यांशी प्रकाश जुळवून पाहिल्याचा पुरावा, मागा.

एक गोष्ट मात्र या सेन्सरांनी खरोखर उलगडली. मिडब्रेनमधले (मेंदूच्या मधल्या भागातले) डोपामिन न्यूरॉन किती वेळा धडधडले, म्हणजे त्यांनी किती विद्युत स्पंदनं सोडली, यावरून स्ट्रायटममध्ये किती डोपामिन स्रवलं हे ठरतंच असं नाही. जोश बर्क यांच्या गटानं २०१९ मध्ये न्यूरॉनच्या नोंदी आणि डीलाइटच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा उंदरांच्या प्रेरणेबरोबर स्ट्रायटममधलं डोपामिन बदलत होतं, पण पेशींच्या धडधडीत तसा बदल दिसला नाही. ॲक्सॉनच्या टोकाशी स्थानिक सूत्रधार असतात, त्यात ॲसिटिलकोलिन स्रवणारे न्यूरॉन मुख्य. सेन्सर नेमका त्या टोकाशी बसतो, म्हणून त्याची किंमत. जो फक्त पेशी मोजतो त्याला अर्धीच गोष्ट कळते.

तुम्ही विचारलंत म्हणून माझी निवड सांगतो. पहिलाच प्रयोग असेल तर कॉर्टेक्सच्या वाटेला जाऊ नका. न्यूक्लिअस अकम्बन्स (स्ट्रायटमचाच एक भाग) घ्या, डीलाइट१.२ किंवा ग्रॅबची दुसऱ्या पिढीची मध्यम आवृत्ती घ्या. विषाणू टोचल्यावर तीन आठवडे थांबा. फायबरच्या टोकाशी प्रकाश मायक्रोवॅटच्या दहांच्या पटीतच ठेवा, उजळ रेघेच्या हव्यासापायी वाढवू नका. सुरुवातीला कोणतंही शिकणं-बिकणं नको: अधूनमधून, अनपेक्षित वेळी गोड पाण्याचा थेंब द्या. सेकंदाच्या आत शिखर यायला हवं. मग अडवणारं औषध देऊन ते शिखर जातं का पाहा, आणि मुक्या सेन्सरच्या प्राण्यात ते मुळातच येत नाही ना हे पाहा. एवढं जमल्यावर त्या पहिल्या प्राण्याचा मेंदू कापून फायबरचं टोक आणि हिरवा डाग कुठे आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ते बघेपर्यंत दुसऱ्या प्राण्यावर शस्त्रक्रिया करू नका. माझ्या सुरुवातीच्या सहापैकी दोन प्राण्यांत टोक भलत्याच जागी होतं, आणि त्यांतल्या एकाची रेघ सगळ्यात देखणी होती.